न जोडलेलं खोकं

१

बेस गिटारसाठी अँप्लिफायर घ्यायला जाताना लोक सोबत एखादा जाणकार घेऊन जातात. मी ताईला घेऊन गेलो. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही.

आमचा ड्रमर हे ऐकून पोट धरून हसला होता. तुम्हीही हसून घ्या. पण आमच्या घरात आवाज करणारी एकही वस्तू ताईने हात लावल्याशिवाय आलेली नाही. पंखा, मिक्सर, कपडे धुण्याचं मशीन. दुकानदार वस्तू चालू करतो, ताई तळहात टेकवते, डोळे मिटते आणि हातांनीच मला सांगते, हे टिकेल, हे वर्षभरात रडवेल. आजवर एकदाही चुकलेली नाही. ताईचा हात म्हणजे ताईचा कान, असं आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

आणि बेस हे तसंही अंगाने ऐकायचं वाद्य. माझे कार्यक्रम असले की ताई स्टेजच्या कडेला, माझ्या स्पीकरच्या खोक्याला हात लावून बसायची. मी ड्रमच्या पुढे पळायला लागलो की अस्सं तोंड वाकडं करायची की मी निमूट मागे यायचो. बँडमधल्या कुणाला ते कळायचंही नाही.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ताई कपड्यांना रफू करून देते. मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर तक्रारी घेतो आणि शनिवार-रविवारी वाजवतो. आई गेली तेव्हा मी रडलो नाही. येईना रडू, काय करणार. दात काढल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं मला सगळंच झालं होतं. जेवण, फोन, गाणी, माणसं, सगळं चालू होतं, पण आतपर्यंत काही येत नव्हतं. ताई तेवढी यायची. ती स्वयंपाकघरातून जमिनीवर पाय आपटून मला जेवायला बोलवायची आणि ते माझ्या टाचांना लागायचं. म्हटलं, ताई आहे तोवर चाललंय.

२

जुना अँप, त्याच्या खोक्यासकट, ड्रमरने मारला. मदत करायला म्हणून त्याने मागून एक जादा स्पीकर जोडला. अँपची ताकद आणि खोक्याचा भार यांचा मेळ बसला नाही की अँप जळतो, हे मी त्याला शंभर वेळा सांगितलेलं. धूर निघाल्यावर म्हणतो कसा, "मला वाटलं आवाज वाढेल."

दुकान तळघरात होतं. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, त्यामुळे आत शिरल्यावर स्वतःचाच आवाज तोंडाजवळ मरायचा. मालक वयस्कर, खांद्यात वाकलेले. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हटलं. अँप पटकन ठरला, हलकासा, एका हातात येणारा. घोळ होता तो खोक्याचा. एकात दहा इंची चार स्पीकर, दुसऱ्यात पंधरा इंची एकच.

मी चार स्पीकरवालं जोडलं आणि खालची तार छेडली. ताईने हात ठेवला. "हे चिडकं आहे," ती हातांनी म्हणाली. "खरं बोलतं, पण चिडकं."

मग पंधरावालं जोडलं. "हा जेवून आडवा झालेला माणूस," ती म्हणाली. काकांना मी ते सांगितलं तर ते मनापासून हसले.

मी पंधरावाल्यावर बराच वेळ वाजवत बसलो. मान वर केली तर ताई तिथे नव्हती. पलीकडच्या कोपऱ्यात एका उंच काळ्या खोक्याजवळ ती उकिडवी बसली होती. राखाडी कापडाची जाळी, कंपनीचं नाव नाही. तिने दोन्ही तळहात त्यावर ठेवले होते आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"हे," ती म्हणाली. "हेच घ्यायचं."

"ताई, ते जोडलेलंच नाहीये," मी म्हणालो. केबल पंधरावाल्यात होती. कोपऱ्यातल्या खोक्याला मागे तारसुद्धा नव्हती.

काका म्हणाले, "होतं तसं. एक वाजलं की शेजारच्या स्पीकरचे कागदी पडदेही हलतात. इथे वाजवलंत की खोलीतले सगळेच स्पीकर थोडेथोडे गुणगुणतात."

बरोबरच होतं. हे मलाही माहीत होतं. मी तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला. तळघर एकदम गप्प झालं. ताईने हात काढला नाही. उलट तिची मान हलायला लागली, हळूहळू, एका लयीत, आपण एखाद्याचं बोलणं ऐकताना हलवतो तशी.

मी जमिनीवर पाय आपटून तिला बोलावलं. तिने न वळता एक हात मोकळा केला.

"तू थांब जरा. मला ऐकू दे."

आमच्या घरी ताईचा हात म्हणेल तेच घेतात. मी तेच घेतलं. काका म्हणाले, "जुनं आहे, पण आतले स्पीकर नवे टाकलेत. नाही पटलं तर सांगा, टेम्पो पाठवून परत नेईन."

३

आमची इमारत जुनी. लिफ्ट नाही. मी लिफ्टच्या कंपनीत आहे म्हटल्यावर शेजाऱ्यांनी यावर करायचे तेवढे विनोद करून झालेत. खोकं वर चढवताना टेम्पोवाल्याने आणि मी दर वळणावर ते टेकवलं, शिव्या घातल्या, पुन्हा उचललं. बैठकीच्या खोलीत खिडकी आणि ताईचं शिवणाचं टेबल यांच्यामध्ये ते बरोबर बसलं.

वाजायचं मात्र फर्मास. पहिल्याच कार्यक्रमानंतर ड्रमर म्हणाला, "आज तू स्टेजवर आहेस असं वाटलं बाबा." त्याच्याकडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी.

मी कामावरून आलो की ताई खोक्याजवळ बसलेली दिसायची. टेबलाची खुर्ची तिने तिकडे सरकवली होती. उजव्या हातात सुई असायची ती आता मांडीवरच्या कापडात खोचलेली, आणि हात खोक्यावर. अँप बंद, केबल गुंडाळून कपाटात.

"काय लागतंय गं तुला?" मी विचारलं.

"असंच."

रस्त्यावरून बस जात होती. खिडकीची काच थरथरत होती. आता एवढं मोठं पोकळ लाकडी खोकं जमिनीवर ठेवलंय म्हटल्यावर ते बस घेणार, खालच्यांचं कपडे धुण्याचं मशीन घेणार, पावलं घेणार. मी स्वतःला हे समजावलं आणि चहा टाकायला गेलो.

चहा घेऊन आलो तेव्हा तिने मला खाली बसवलं. दोन्ही हात उभे केले, तळव्याला तळवा, मध्ये कागद मावेल एवढी फट ठेवून.

"मी इथे हात ठेवते," ती उजवा हात हलवत म्हणाली. मग डावा हलवला. "तो आतून इथे ठेवतो. मी सरकवला की तोही सरकवतो."

"तो कोण?"

तिने खांदे उडवले. चेहरा इतका साधा की जणू समोरच्या बिऱ्हाडातल्या कुणाबद्दल सांगतेय. मला हसू आलं. ती चिडली नाही. चहाचा कप घेऊन पुन्हा तिकडेच गेली.

४

सुईचं मी पाहिलं तो रविवार होता, दुपार. ताई कुणाच्या तरी कोटाची बाही शिवत होती. मी पेपर वाचत होतो. ती धागा ओढायला लागली आणि कोट तिच्या हाताबरोबर वर आला. तिने पुन्हा ओढला. पुन्हा आला. ती वैतागून बघायला लागली तेव्हा मीही बघितलं. तिने उजव्या तर्जनीची कातडी कापडाला शिवून टाकली होती. चांगले बारीक, सरळ टाके. रक्त थोडंच होतं.

"अगं बाई ताई!" मी ओरडलो. ओरडून काय उपयोग, पण ओरडलो. कात्री आणली, टाके कापले. तिने निवांतपणे बोटाकडे पाहिलं.

"लागलंच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल, शिवणकाम करणाऱ्यांना होतं, गोळ्या घ्या, हाताला आराम द्या. त्यांनी टाचणीने टोचून पाहिलं. बोटांपासून मनगटापर्यंत काहीच लागत नव्हतं. ताई त्या टाचणीकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती. तिचा तो हात गेला तर काय काय जाणार हे त्या डॉक्टरांना कसं सांगायचं? तिचं काम, तिची गाणी, दार वाजलेलं कळणं, मी.

घरी आलो आणि ताई झोपल्यावर, भरदुपारी, मी माझा हात खोक्यावर ठेवला. आपण मूर्खपणा करतोय हे माहीत होतं. लाकूड गार होतं. रस्ता रिकामा होता, खालचं मशीन बंद होतं. मी हात काढणार तेवढ्यात तळव्याच्या मधोमध काहीतरी फिरलं. हलकं, गोल. आजारी मुलाच्या हातावर आई बोट फिरवते तसं. शांतपणे, घाई नसलेलं.

मी हात काढला. संध्याकाळी गिटार घेतली तर तारा बोटांना लागेनात. डोळ्यांनी बघून वाजवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ठीक झालं. हात अवघडला असेल, म्हटलं.

तरीही त्या रात्री ताई झोपल्यावर मी पेचकस घेतला आणि पुढची जाळी काढली. मागची फळीही उघडली. आत पांढरा कापूस, दोन तारा, बाकी रिकामं. टॉर्च मारून कोपरान्‌कोपरा पाहिला. धूळसुद्धा नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की मी जमिनीवरच बसलो आणि तिथून, बसल्या उंचीवरून, माझी नजर स्पीकरच्या कागदी पडद्यावर गेली. नवा कोरा काळा पडदा. त्यावर आतल्या बाजूने दाबून बाहेर आलेले उंचवटे होते. पाच. चार एका रांगेत आणि एक जरा खाली, बाजूला.

मी बघत असताना त्यातला एक खाली बसला.

जाळी कशी लावली, स्क्रू घट्ट बसले की नाही, मला आठवत नाही.

५

"परत देऊन टाकू," मी ताईला म्हणालो.

"नाही."

"तुझा हात गेलाय ताई! तुला कळतंय का?"

"दुसरा आहे ना," ती म्हणाली, आणि डावा हात माझ्यासमोर नाचवला. वात्रटपणा करताना करायची अगदी तसा.

मी चिडलो. हातांनी भांडताना माणूस फार वेडा दिसतो, पण आम्ही तसेच भांडत आलोय. मी म्हणालो, तुला वेड लागलंय. मी म्हणालो, आतमध्ये कुणी नाही, मी उघडून पाहिलंय. ती एकदम थांबली.

"उघडलंस?" तिने विचारलं. आणि मग, फार हळू, उजव्या मेलेल्या हाताची बोटं नीट वळत नव्हती म्हणून पुन्हा पुन्हा करत, ती म्हणाली, "आई गेल्यापासून मला कुणी हात लावलाय का? तू लावलायस? जेवायला वाढतोस, विचारतोस, पैसे ठेवतोस. हात लावलायस?"

तिला तेव्हा जवळ घ्यायला हवं होतं, हे मला समोर लिहिल्यासारखं दिसत होतं. हात उचललाच गेला नाही.

ती गेली आणि खोक्यापाशी बसली. डावा तळहात त्यावर टेकवला, गालही टेकवला.

६

पुढचे दिवस मी नोकरीवर फोन घ्यायचो. लोक सांगायचे, लिफ्ट मधेच अडकलीय, आत माणूस आहे. मी म्हणायचो, घाबरू नका, माणूस पाठवतो. एकदा एक बाई म्हणाल्या, "आतून दार वाजवतायत हो ते, आणि तुम्ही काय झोपेत बोलल्यासारखं बोलताय?" मी माफी मागितली.

घरी ताईला बोलवायला मी जमिनीवर पाय आपटला, तर ती वळली नाही. जोरात आपटला. खालच्यांनी छत ठोकलं. ताई पाठमोरी बसून होती, अनवाणी, दोन्ही पाय खोक्याला चिकटवून. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा तिने मला पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे माझ्याकडे वळले.

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, शनिवारी सकाळी टेम्पो पाठवतो. ताईशी कसं भांडायचं याची मी रात्रंदिवस तयारी करत होतो.

भांडावं लागलंच नाही. शुक्रवारी उठलो तर ताई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. केस विंचरलेले, साडी नीट नेसलेली. गरम पातेलं तिने पदराने धरलं, बोट चुकून लागलं तर झटकन मागे घेतलं.

"लागलं?" मी विचारलं.

"भाजलं," ती म्हणाली आणि हसली. दोन्ही हात माझ्यापुढे धरून बोटं उघडली, मिटली. सगळी बोटं चालत होती. "ते खोकं देऊन टाक. अडचण होते."

मला आनंद झाला, दुसरं काय! दिवसभर ती टेबलाशी बसून साचलेलं रफूचं काम उपसत होती. खोक्याकडे तिने पाहिलंही नाही. मी तिच्यासमोर बसून नुसता बघत होतो आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की सुई तिच्या डाव्या हातात आहे.

साहजिक होतं. उजवा हात इतके दिवस कामाचा नव्हता, तर तिने डाव्याची सवय केली असेल. पण डाव्या हाताने टाके इतके सफाईदार? बोलतानाही ती सगळं डावीकडून करत होती. चूक एकही नव्हती. फक्त आरशात बघून बोलल्यासारखं उलट होतं. माझ्यासाठी तिची जी खूण आहे, कानाची पाळी ओढायची, तीही तिने दुसऱ्या कानाची ओढली.

संध्याकाळी मी घरी सरावाला ठेवलेल्या छोट्या स्पीकरवर गिटार वाजवली आणि मुद्दाम ताल सोडून पळालो. ताई समोर होती, हात टेबलावर होता. तिने तोंड वाकडं केलं नाही. मी थांबल्यावर तिने टाळ्या वाजवल्या.

ती बरी होती, जेवत होती, हसत होती. मी ठरवलं की एवढं पुरे.

७

टेम्पोवाला एकटाच आला होता आणि पाठ धरलीय म्हणून वर चढायला तयार नव्हता. "तुम्ही आणा खाली, गाडीत मी घालतो," तो जिन्याखालून ओरडला.

ताईच पुढे झाली. तिने खालच्या बाजूचं हँडल धरलं, मी वरचं. उलट्या पावलांनी ती जिना उतरायला लागली, सहज. खोक्याचा सगळा भार माझ्या छातीवर रेललेला होता, गाल लाकडाला टेकलेला.

पहिल्या वळणानंतर आतून काहीतरी छातीवर आदळलं. स्क्रू नीट बसवले नव्हते, स्पीकर सुटला असेल, असं मला वाटलं. मग पुन्हा आदळलं. मग लागोपाठ, वर, खाली, कडेला. आवाज फारसा नव्हता. छातीला लागत होतं, गालाला, दातांना. कसलाही ताल नव्हता त्यात. आपण किती जोरात ठोकतोय हे ज्याला ऐकू येत नाही त्याने, जीव तोडून, दिसेल तिथे ठोकावं तसं होतं ते. दुपारच्या त्या शांत बोटाचं ते काम नव्हतं.

मी थांबलो.

"ताई," मी म्हणालो. मी ते खोक्याला म्हणालो.

खाली ती उभी होती. तिचे दोन्ही हात हँडलवर होते. लाकडातून ते तिलाही लागतच असणार. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं नव्हतं.

"अहो, झोपलात की काय? आणा की!" टेम्पोवाला ओरडला.

मला ताई हवी होती. जगात दुसरं काही नको होतं, हे मला स्वच्छ कळत होतं. नुसतं धरून ठेवायचं होतं. पण माझी बोटं हँडलभोवती आहेत हे मला फक्त दिसत होतं. खालून ओढ आली, बेताची, एखाद्या लहान मुलाला पुढे चल म्हणावं तेवढी. माझा पाय खालच्या पायरीवर गेला. मग दुसरा गेला. छातीवरचे ठोसे चालूच होते, पण आता शेजारच्या घरात कुणी खिळा ठोकत असल्यासारखे लांबचे वाटत होते. पुढच्या वळणावर ते आणखी लांब गेले. रस्त्यावर खोकं टेकवलं तेव्हा काही लागत नव्हतं. ते थांबले होते की मलाच लागत नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही.

टेम्पोवाल्याने खोकं आडवं करून आत ढकललं, दोरी आवळली, फळी लावली. "सही करा," म्हणाला. मी केली. तो गेला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघं फुटपाथवर उभे होतो. लोक कामाला चालले होते, उन्हात कुणाच्या तरी बाल्कनीत चादरी वाळत होत्या.

बऱ्याच वेळाने मी वर जावं म्हणून वळायला गेलो आणि वळता येईना. खाली पाहिलं. तिने माझा हात हातात घेतलेला होता, घट्ट, बोटांत बोटं गुंतवून. कधीपासून कोण जाणे. मला पाहिल्यावरच कळलं.